चारशे दहा ग्रॅम

पाचला दोन मिनिटं कमी असताना फोनवर चार टक्के होते. पाच वाजता फोन मेला.

थोरला मांडीपर्यंत गाळात उभा होता. फोन त्यानं तोंडासमोर धरला होता. फोनमधली बाई म्हणाली, "डोळे मिटा." त्यानं मिटले. आता ती "डोळे उघडा" म्हणेल म्हणून तो तसाच थांबला. वारा आला, गेला. एक माशी नाकावर बसली, तिलाही त्यानं हलवलं नाही.

"उघडा आता," काठावरून बायको म्हणाली. "ती गेली."

मुकादम गळ्यातली शिट्टी चाचपत जवळ आला. "आज तू आलेला नाहीस," तो म्हणाला.

"समोर उभा आहे मी."

"मला दिसतोयस. मला दिसून काय उपयोग? अकराला आलास, पाचला नाहीस. म्हणजे आलाच नाहीस."

"मग हा गाळ कुणी काढला?"

मुकादमानं काठावरच्या ओल्या ढिगाकडे बघितलं. "निघालाय खरा," तो म्हणाला. "चांगला निघालाय." आणि त्यानं सुट्टीची शिट्टी वाजवली. मग चार पावलं जाऊन मागे वळला. "हा दुसरा खाडा. तिसऱ्याला नाव आपोआप उडतं. मी उडवत नाही, ते आपलं आपण उडतं. नंतर माझ्या दारात येऊन बसू नका."

कालव्याचं काम नवरा-बायकोच्या जोडीला मिळायचं. तो फावड्यानं गाळ ओढणार, ती घमेलं काठावर नेऊन ओतणार. चेहरा मात्र एकाचाच नोंदलेला, नवऱ्याचा. अकराला आणि पाचला फोनसमोर तोंड धरायचं, आणि मधल्या वेळात फोन चालूच ठेवायचा, कारण माणूस कालव्यावरून हलला तर वर कुणाला तरी कळायला हवं. ते कोण, हे मुकादमालाही माहीत नव्हतं. यादीत नाव लागायला थोरल्याला दीड वर्ष लागलं होतं. त्याच्यामागे अजून साठ-सत्तर घरं टपून बसली होती, आणि त्यातली निम्मी येताजाता त्याच्या तब्येतीची चौकशी करायची.

फोन सकाळी शंभरावर निघायचा. पण चिखलानं भरलेलं तोंड फोनला पटायचं नाही. "चेहरा जुळत नाही," बाई म्हणायची. "पुन्हा प्रयत्न करा." चार-पाच वेळा प्रयत्न केले की बॅटरी अशी खाली यायची, जशी घागर फुटलीय.

आणि घरी वीज नव्हती. वावटळीत खांब आडवा झाला होता, डीपी जळली होती, त्याला तीन आठवडे झाले. एक माणूस येऊन डीपीचा फोटो काढून गेला होता. फोटो चांगला आला, असंही म्हणाला होता.

गावात चार्जिंगची एकच जागा होती, डिझेलवर चालणारी पिठाची गिरणी. गिरणवालीनं भिंतीला फळी ठोकून तिच्यावर बारा पिनांची सोय केली होती. नियमही केला होता. दळण आणेल त्याचाच फोन लागेल. दळण संपलं की फोन काढायचा. त्यामुळे गाव दळत सुटलं होतं. ज्याच्या घरी दोन माणसं, तो पोतंभर दळून आणायचा. घराघरात पिठाचे डबे भरले, मग बादल्या भरल्या, मग कुणीतरी कोऱ्या शवपेटीसारखी लाकडी पेटी काढली, तीही भरली. थोरल्याच्या घरी धान्याची कोठी रिकामी झाली होती आणि पीठ इतकं होतं, की झोपताना अंथरूण झटकावं लागायचं. पिठात अळ्या झाल्या होत्या. फोन मात्र शंभर टक्के.

"आता दळायला काही उरलं नाही," त्याची बायको, म्हणजे घरातली सून, त्या संध्याकाळी म्हणाली. "काल मी पीठच परत नेलं दळायला. ती म्हणाली, हे पीठ आहे. मी म्हटलं, अजून बारीक करा."

"केलं?"

"केलं. उडून गेलं निम्मं."

थोरला पाय धूत होता. गाळात दिवसभर राहून त्याच्या तळव्यांची कातडी पांढरी, सुरकुतलेली झाली होती. त्यानं बोटानं ती दाबून बघितली. दाबलेलं कळलं नाही. त्यानं पुन्हा दाबली.

"ते एक मिळतं," तो म्हणाला. "पॉवर बँक. फोनला लावायची. खिशात चार्जिंग."

"मी येतो घ्यायला," कोपऱ्यातून आबा म्हणाले.

आबा म्हणजे थोरल्याचे वडील. बाजार समितीच्या आवारात पस्तीस वर्षं तोलारी होते. गाव त्यांना काटा म्हणायचं. पोतं पाठीवर टेकलं, की आबा आकडा सांगायचे, आणि मग लोखंडी काटा तोच आकडा दाखवायचा. पुढे विजेचा काटा आला. आबांनी त्याच्याशी महिनाभर स्पर्धा केली. एका दिवशी काटा चुकला आणि आबा बरोबर निघाले, म्हणून त्यांना काढून टाकलं. तेव्हापासून घरात जे हाताला लागेल ते उचलायचं आणि वजन सांगायचं, एवढंच काम उरलं होतं. सून पाण्याची कळशी घेऊन आत आली, की ओसरीवरून आवाज यायचा, "साडेनऊ." ती कळशी ठेवून पुढच्या कामाला लागायची. एकदा तिला दिवस गेले होते, तेव्हाही ते तिच्याकडे बघून काहीतरी पुटपुटले होते. तेव्हा मात्र ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. ते पुढं राहिलं नाही, तेव्हा आबाही बोलले नव्हते.

आबांच्या चष्म्यासाठी ठेवलेले पैसे सुनेनं डब्यातून काढले. डबा पिठात पुरलेला होता.

दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी होती. तिघं तालुक्याच्या दुकानात गेली. दुकान अरुंद, आणि काउंटरवर पॉवर बँका साबणाच्या वड्यांसारख्या मांडलेल्या. दुकानदार स्वतःचा फोन कानाशी धरून बोलत होता. त्या फोनला एक चपटी, पाटीसारखी पातळ पॉवर बँक जोडलेली होती. फोन संपला तशी त्यानं ती वरच्या खिशात टाकली.

"कोणती देऊ? दहा हजार आहे, वीस हजार आहे. ही नवीन आली, पन्नास हजार."

"पन्नास हजार काय?" आबांनी विचारलं.

"पन्नास हजार म्हणजे... पन्नास हजार. आत मावतात."

"काय मावतं?"

"तेच हो आबा. ताकद. दहावालीत दहा मावते, हिच्यात पन्नास. डबल-डबल."

"ही पाचपट झाली."

"तेच म्हणतोय मी."

थोरला खोक्यावरचं वाचायला लागला. अक्षरं मुंगीएवढी होती आणि त्यातली बरीचशी कुठल्या भाषेत आहेत तेही कळत नव्हतं. त्यानं खोकं बायकोला दिलं, तिनं ते आबांना दिलं. आबांनी ते डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ धरलं, आणि खाली ठेवलं. मग त्यांनी सदऱ्याची बाही मागे सारली.

"एकेक हातात द्या," ते म्हणाले.

दुकानदारानं दिली. आबांनी तळहातावर घेतली, डोळे मिटले, हात जरासा वरखाली केला. "एकशे नव्वद. पुढची." पुढची घेतली. "दोनशे वीस. ही पोकळ आहे. पुढची." दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही वळून बघायला लागली. पन्नास हजारवाली हातात आली तसा आबांचा खांदा थोडा खाली गेला. त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं, जे घरातल्यांनी बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

"चारशे दहा," ते म्हणाले.

शेजारी किराणा दुकान होतं. दुकानदार हौसेनं ती घेऊन तिकडे गेला आणि मोठ्यानं ओरडला, "चारशे अठरा."

"वायर काढ," आबा म्हणाले.

"चारशे दहा."

गिऱ्हाइकं हसली. एकानं आबांच्या पाया पडल्यासारखं केलं. "ही घ्यायची," आबा म्हणाले. "ऐवज वजनात असतो. पोत्यात दाणा भरलाय की भुसा, हे शिवण बघून कळत नाही."

सून इतका वेळ दुकानदाराच्या खिशाकडे बघत होती. "तुम्ही स्वतः ती पातळवाली वापरता," ती म्हणाली. "तसली दाखवा की."

"ती? ती जुनी आहे ताई. बायकोनं दिलेली, म्हणून वापरतो."

"कितीची आहे?"

"ते आता कसं आठवणार."

"सूनबाई," आबा म्हणाले, "ती एकशे ऐंशीच्या वर नाही. इथून दिसतंय."

थोरल्यानं बायकोकडे बघितलं, आबांकडे बघितलं. आबांचा हात अजून तसाच पुढे होता, त्यावर ती वस्तू. त्यानं पैसे दिले.

गिरणीत ती लावायला सून उरलेलं पीठ तिसऱ्यांदा घेऊन गेली. गिरणवालीनं पोत्यात हात घातला, वर काढला, आणि पीन दिली. दहा मिनिटांत पॉवर बँकेचे चारही दिवे लागले.

"एवढ्यात भरली?" सून म्हणाली.

"चपळ आहे," आबा म्हणाले. तेही बरोबर गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरल्यानं ती फोनला जोडली. चार दिवे होते ते तीन झाले, दोन झाले. तीन टक्के वाढले आणि दिवे विझले. त्या दिवशी पाचची हजेरी एका टक्क्यावर लागली. "वाचवलं हिनं," थोरला म्हणाला. घरी येताना ती त्याच्या खिशात मांडीवर आपटत होती. घराजवळ आल्यावर तो थांबला. त्यानं ती काढून कानाशी धरली आणि हलवली.

सर्र, असा आवाज आला. त्याला तो ओळखीचा होता. दिवसभर फावड्याखाली तोच ऐकत असे.

ओसरीवर बसून त्यानं विळ्याच्या टोकानं ती उघडली. आत काडेपेटीएवढा एक सेल होता, कागदात गुंडाळलेला. बाकी सगळी वाळू. ती खाली पिठावर सांडली. तिघं बघत राहिली.

थोरल्यानं चिमूट उचलून बोटांत चोळली. "ही आपल्या कालव्याची नाही," तो म्हणाला. "नदीची आहे. चाळलेली. धुतलेलीसुद्धा आहे."

"चांगल्यातली आहे म्हणजे," सून म्हणाली.

 आबांनी वाळू ओंजळीत गोळा केली, त्यात थोडं पीठही आलं. ओंजळ जराशी वरखाली केली. ओठ हलले, पण आकडा बाहेर आला नाही.

सकाळी आबा एकटेच दुकानात गेले. वाळू परत भरून, झाकण दाबून, वर दोरा गुंडाळून. दुकानदारानं दोरा सोडला, आत बघितलं, झाकण लावलं.

"यात वाळू आहे," आबा म्हणाले.

"असेल," दुकानदार म्हणाला. "पण आबा, मी तुम्हाला काय सांगितलं होतं, पन्नास हजार मावतात. मावतात. भरलेत असं म्हटलं का? तुम्ही तर ते बघितलंच नाही. तुम्ही वजन बघितलं." तो शेजारी गेला आणि किराण्याच्या काट्यावर ती ठेवून आला. "चारशे अकरा. उलट एक ग्रॅम जास्तच आहे."

"पीठ आलंय थोडं," आबा म्हणाले.

"मग तक्रार कशाची?"

दुकानात परवाचाच एक जण होता, पाया पडणारा. तो आता रस्त्याकडे बघत होता. आबांनी दोरा पुन्हा गुंडाळला. गाठ बसेना. दुकानदारानंच मग गाठ मारून दिली. वर म्हणाला, "चष्मा घ्या आता एक."

त्यानंतर दोन दिवस फोननं कशीबशी साथ दिली. तिसऱ्या दिवशी थोरल्याला छातीपर्यंत उतरावं लागलं. पुढच्या वळणावर मोरी तुंबली होती. आत काय अडकलंय ते पायानं चाचपून काढायचं होतं. दोन तास तो पाण्यात होता. एक टायर निघालं, एक खुर्ची निघाली, आणि कुणीतरी कधीतरी फेकलेला चांगला पितळी दिवा निघाला, तो मुकादमानं जप्त केला. थोरला बाहेर आला तेव्हा ओठ निळे आणि तोंडावर शेवाळाचा थर. पाच वाजायला दहा मिनिटं. फोनवर पाच टक्के.

"चेहरा जुळत नाही," बाई म्हणाली.

त्यानं कालव्याच्याच पाण्यानं तोंड धुतलं. पाणी तोंडापेक्षा गढूळ होतं.

"चेहरा जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा."

बायकोनं पदर ओला करून त्याचं तोंड पुसलं. कपाळ, गाल, कानामागं. तो उभा राहिला, बैल उभा राहतो तसा. आतून चेहरा निघाला, पण गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. तिनं जरा थांबून बघितलं आणि पदर पिळला.

"चेहरा जुळत नाही."

तीन टक्के. मुकादमानं घड्याळ बघितलं आणि शिट्टी तोंडाजवळ नेली. तेवढ्यात बांधावरून आबा येताना दिसले. दोराबांधली पॉवर बँक त्यांनी छातीशी धरली होती. वाळू काढून टाकली होती, आत फक्त तो सेल. सकाळपासून गिरणीत बसून त्यांनी तो भरून घेतला होता. दळायला काही नव्हतं, म्हणून गिरणवालीचं आवार झाडून दिलं होतं.

"लाव," ते धापा टाकत म्हणाले. "थोडा आहे. पण जेवढा आहे तेवढा आहे."

थोरल्याचे हात ओले. सुनेचे चिखलात. म्हणून फोन आबांनीच धरला, वायर आबांनीच जोडली. नीट बसली का ते दिसेना, म्हणून त्यांनी फोन तोंडाजवळ नेला. आणखी जवळ.

"डोळे मिटा," बाई म्हणाली.

पस्तीस वर्षं आबा मालकाचं ऐकत आले होते. त्यांनी डोळे मिटले.

"डोळे उघडा."

त्यांनी उघडले.

"हजेरी नोंदली. धन्यवाद."

 मुकादमानं फोन हातात घेतला. पडद्यावर हिरवी खूण होती आणि तिच्याखाली आबांचा फोटो, आणि फोटोखाली थोरल्याचं नाव. त्यानं आबांचं नाक बघितलं, थोरल्याचं नाक बघितलं.

"जुळतंय," तो म्हणाला, आणि शिट्टी वाजवली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता थोरल्याचं तोंड धुतलेलं, कोरडं होतं. तरी बाई नाही म्हणाली. मुकादमानं खुलासा केला. फोन म्हणे कालच्या फोटोशी ताडून बघतो. आता आबा आले तरच जुळणार. आबांना बोलावलं. जुळलं. त्या दिवसापासून आबा रोज यायला लागले. सुनेनं त्यांच्यासाठी काठावर एक सपाट दगड आणून ठेवला. अकराला आणि पाचला ते डोळे मिटायचे आणि उघडायचे. मधल्या वेळात बसून राहायचे. कोरडा चेहरा एका झटक्यात जुळायचा, त्यामुळे बॅटरीही पुरायला लागली.

"मी एवढा म्हातारा दिसतो का गं?" थोरल्यानं एकदा जेवताना विचारलं.

बायको ताटातल्या अळ्या निवडत होती. "ते यंत्र आहे," ती म्हणाली.

"तुला विचारतोय."

तिनं मान वर केली, त्याच्याकडे बघितलं, आणि पुन्हा ताटात बघायला लागली. "गार होतंय," ती म्हणाली.

महिना संपता संपता वरून साहेब आले. पायात पांढरे बूट, हातात यादी. मुकादम त्यांच्यामागून शिट्टी लपवत चालला होता. साहेब दगडाजवळ थांबले. यादीतला फोटो बघितला, आबांना बघितलं.

"महिनाभरात तुमचा तिसरा खाडा पडला नाही," ते म्हणाले. "या वयात. उतरता कसे?"

"हळूहळू," आबा म्हणाले.

"आणि ही?"

"माझी सून."

"जोडीत सून चालते का?" साहेबांनी मुकादमाला विचारलं. मुकादम म्हणाला, चालते, घरातलीच आहे. साहेबांनी लिहून घेतलं. मग त्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं. थोरला कमरेपर्यंत आत होता, फावडं मध्येच धरलेलं.

"हा कोण?"

आबांनी तोंड उघडलं. मुकादम पटकन म्हणाला, "हा यांच्याबरोबर येतो."

"यादीत आहे?"

"नाही साहेब. चेहरा जुळत नाही."

"मग बाहेर काढा त्याला. उद्या काही झालं, तर उत्तर कोण देणार? बाहेरचा माणूस पाण्यात नको."

थोरला बाहेर आला. काठावर उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना, म्हणून त्यानं ते पाठीमागे धरले. पायांतून पाणी ओघळत होतं. साहेबांनी त्याच्याकडे पुन्हा बघितलं नाही. त्यांनी आबांचा हात हातात घेऊन हलवला, एक फोटो काढायला लावला आणि गाडीत बसले. गाडी वळणाआड जाईपर्यंत सगळे तसेच उभे होते.

"उतर," मुकादम म्हणाला.

थोरला उतरला. गाळ ओढला, घमेलं भरलं, वर केलं. बायकोनं ते घेतलं, कमरेवर टेकवलं आणि काठ चढायला लागली. ती दगडाजवळून जाताना आबांनी बघितलं. हातातल्या दोराबांधल्या पॉवर बँकेवरून त्यांचा अंगठा फिरत होता.

"एकवीस," ते हळूच म्हणाले.

ती थांबली. घमेलं जरासं वर उचलून तिनं अंदाज घेतला.

"बावीस असेल," ती म्हणाली, आणि पुढे गेली.